मी न पाहिलेलं बी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. ती शेवटची आजारी होती तेव्हा एकदा अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण खोलीत माणसं होती आणि मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर माणसं नसती तरी मी बोललो नसतो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुमच्याकडेही मी संशयानंच पाहिलं असतं. ती खोड मला कशी लागली, तेच सांगायचं आहे.

पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. मी कर्जतला एका रावसाहेबांच्या हाताखाली होतो. ते निवृत्त प्राध्यापक, विषय वनस्पतिशास्त्र. नदीकाठच्या घरात त्यांनी पिकांच्या रोगांचा स्वतःचा संग्रह मांडला होता. रोगट पानं, कणसं, दाणे, सगळं वाळवून, दाबून, कपाटाच्या खणांत लावलेलं. शेतकरी रोगाला चेहऱ्यावरून नाव देतो. पानावर तांबूस भुकटी दिसली की तांबेरा, कणसातून काळी पूड निघाली की काणी, पीठ शिंपडल्यासारखं दिसलं की भुरी. रावसाहेब म्हणत, नावं चांगली आहेत, पण त्यांवरून कूळ कळत नाही. दोन बुरशा दिसायला सख्ख्या बहिणी असतात आणि त्यांचं एकमेकींशी काही नातं नसतं. कूळ कळायचं ते बीजाणूंवरून — म्हणजे बुरशीचं बी, जे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. ते लांबट आहे की गोल, त्यात आडवे पडदे आहेत की नाहीत, ते कशाच्या टोकावर धरलंय... एक खण त्यांनी अशा बुरशांसाठी राखला होता, ज्यांचं अर्धंच आयुष्य आजवर माणसाच्या नजरेस पडलंय. त्याला ते 'अपुऱ्यांचा खण' म्हणत.

मला हे काम आवडायचं. आवडायचं म्हणजे — मला ते जमायचं, आणि जमतं हे लोकांना दिसलेलं आवडायचं. कुणी पाहुणा आला की रावसाहेब थट्टेनं म्हणत, "ह्याला भिंग लागत नाही हो, हा नुसतं बघून सांगतो." ती थट्टा होती. मी ती पदवीसारखी मिरवली.

खालापूरच्या वाटेवरच्या एका गावाचे खोत पावसाळ्याआधी बी घेऊन आले, तेव्हा रावसाहेब पुण्याला गेलेले होते. भाताचं बी, कोळंब जातीचं. दाण्यांवर कुठे कुठे तपकिरी डाग. खोतांनी मूठभर बी टेबलावर ओतलं आणि विचारलं, "मास्तर, हे पेरू का टाकून देऊ? कुळांनाही हेच द्यायचंय."

असे डाग दोन तऱ्हांनी पडतात. दाण्याला दमट हवा लागली की वरवर एक बुरशी धरते, ती निरुपद्रवी. आणि दुसरी दाण्याच्या आतच बसलेली असते. ती रोपाबरोबर उगवते आणि रोपालाच खाते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. सूक्ष्मदर्शक हाताच्या अंतरावर होता. दाणा ओला करून ठेवायचा, बुरशी वर येऊ द्यायची, मग बघायचं. खोतांना थांबवायचं, एवढंच. मी थांबवलं का? नाही. त्यांच्याबरोबर चार माणसं होती आणि ती सगळी माझ्याकडे बघत होती. मी एक दाणा नखावर फिरवला, उजेडाकडे धरला आणि म्हणालो, "कोठारातली ओल. उन्हात घाला, खुशाल पेरा."

तो माझा आळस होता, की गर्व? तुम्ही काहीही म्हणा. पण मला सांगायचंय ते हे नाही. चूक कुणाचीही होते. ह्याच्यापुढे मी जे केलं ती चूक नव्हती.

पाऊस वेळेवर आला आणि मग त्यानं दडी मारली. खोतांची माणसं ओढ्याला बांध घालून रोपांना पाणी द्यायला लागली. आणि रोपं मरायला लागली. पानांवर तिळाएवढे तपकिरी ठिपके, ते वाढत गेलेले, शेंडे करपलेले. पालापाचोळ्याचा राब भाजून केलेल्या त्या हिरव्या वाफ्यांवर कुणी उकळतं पाणी ओतलं असावं, असं दिसत होतं म्हणे.

ह्याच दिवसांत पदूनं मासे मारले. पदू हा डोंगरातल्या वाडीवरचा ठाकूर, खोतांच्या शेतांची राखण करायचा. पाऊस थांबला तसा ओढा आटून डबकी उरली होती. त्यानं सुकवून ठेवलेली गेळाची फळं ठेचून वरच्या डबक्यात टाकली. त्यानं मासे गुंगतात आणि वर येतात. वाडीवरची माणसं पिढ्यान् पिढ्या असे मासे धरत आली आहेत. पण डबक्याच्या खालीच तो बांध होता, आणि बांधाचं पाणी रोपांना जात होतं. त्यात पदूचं आणि खोतांचं महिन्याभरापूर्वी गुरं चारण्यावरून वाजलं होतं, चारचौघांत. आता सांगा, गावाला अजून काय हवं होतं?

रावसाहेबांनी मला पाठवलं. "नीट बघून ये," म्हणाले. मी बैलगाडीनं गेलो. त्या गावात पाय ठेवला आणि मला हवाच वेगळी वाटली. विहिरीवर दोन गडी काठ्या घेऊन बसलेले. बायका घागरींवर पालथी ताटं ठेवून चाललेल्या. वाडीवरच्या माणसाच्या हातची करवंदं कुणी घेईना. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातांकडे बघत होता. आणि मी? मला वाटत होतं, हे सगळे माझ्याच हातांकडे बघताहेत.

कारण पहिल्याच वाफ्यात मला कळलं होतं. ते ठिपके मी ओळखले. आणि गावाच्या वरच्या अंगाला, जिथे ओढ्याचं पाणी चढूच शकत नाही, तिथल्या एका कुळाच्या वाफ्यातही तेच ठिपके. बी खोतांचंच. मी तिथे उभा राहिलो आणि सोबतच्या माणसाला म्हणालो, चला, पलीकडे बघू. त्या वाफ्याकडे त्याचं लक्ष जाऊ नये म्हणून मी चालताना त्याला पावसाविषयी काहीतरी विचारत राहिलो. एवढं सुचलं मला.

रोगट पानं मी कर्जतला आणली. आणि खोतांनी टेबलावर ओतलेल्या त्या बियातली चिमूट मी एका काचेच्या नळीत ठेवली होती, तेही दाणे भिजत घातले. रावसाहेब संध्याकाळी फिरायला जात, ती वेळ धरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पानावरचे बीजाणू आणि दाण्यावरचे बीजाणू — तेच ते, लांबट, किंचित वाकलेले, आडव्या पडद्यांचे, तपकिरी. शंकेला जागाच नव्हती. त्या वेळी दारात पावलं वाजल्यासारखं झालं आणि मी काच पदरात मूल लपवावं तशी धोतराच्या सोग्यात लपवली. दारात कुणी नव्हतं. काचा धुतल्या, आणि नळीतलं बी नदीत ओतून आलो.

रावसाहेबांना काय सांगितलं? सांगितलं, "बुरशी दिसत नाही." त्यांनी पानं मागितली नाहीत. फक्त म्हणाले, "भिंगाखाली पाहिलंस ना?" "हो," मी म्हणालो. ते खरंच होतं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं — की मलाच तसं वाटलं? त्यानंतर ते हयात होते तोवर मी त्यांच्या प्रत्येक नजरेत तोच प्रश्न शोधत राहिलो.

खोत स्वतः आले. "मास्तर, एकच सांगा. रोग हाय का इख?"

मी म्हणालो, "रोग नाही."

इतकंच. विष आहे, असं मी म्हणालो नाही. हे मी कितीतरी वर्षं मनाशी घोकलं. 'मी पदूचं नावसुद्धा घेतलं नाही.' पण दोनच दारं असलेल्या घरात एकाला कुलूप घालणारा माणूस दुसऱ्या दाराशी माझा काय संबंध, असं म्हणू शकतो का?

पदूची बायको सोमी कर्जतपर्यंत चालत आली. अंगणात उभी राहिली, ओटीवर चढली नाही. कडेवर पोर होतं. म्हणाली, "सायेब, तुमी भिंगातून बघितलंत ना? तेच पानी आमी पितो, आमची पोरं पितात. त्या पान्यानं भात कसं मरंल? एवढंच गावात येऊन बोला. तुमचं आयकतील."

आता ऐका, माझ्या मनात काय आलं. दया आली असं मी सांगितलं तर ते खोटं. माझ्या मनात आलं — हिला कुणी पाठवलं? खोतांनी? मला बोलतं करून पकडायला? हिनं तो वरचा वाफा पाहिला आहे का? मी तिच्या मागे रस्त्यावर कुणी उभं आहे का ते पाहिलं. मग म्हणालो, "मी पानं पाहिली. पाण्याचं मला काही सांगता येणार नाही."

 तिनं पोराचं नाक पदरानं पुसलं. "बरं," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर काय झालं ते मला गाडीवानाकडून कळलं. पदूला चावडीसमोर मारलं. त्याचा डावा हात मोडला. झोपडीचा कूड ओढून काढला, वरच्या तुकड्यातल्या त्याच्या नाचणीत गुरं सोडली. वाडीवरच्या इतरांनीही त्याला थारा दिला नाही. आज ह्याच्यावर आलं, उद्या आपल्यावर येईल, ही भीती. ते कुटुंब घाटाकडे गेलं, एवढंच कळलं.

पुढच्या वर्षी खोतांनी दुसरीकडून बी आणलं आणि रोपं चांगली उतरली. गाव म्हणालं, बघा, पदू गेला आणि पीडा गेली. माझ्या खोटेपणाला जणू शेतानंच साक्ष दिली. मला सुटका वाटायला हवी होती, नाही का? मला मात्र वाटलं, कुणीतरी मुद्दाम गप्प आहे. वेळ येईल तेव्हा बोलेल.

मी रावसाहेबांचं काम सोडलं, शाळेत शिकवायला लागलो. पुष्कळ वर्षांनी एका लग्नासाठी खोपोलीला गेलो होतो. दुपारी जेवणं झाल्यावर घाटाच्या बाजूला चालत निघालो. झाडीत कोळशाच्या भट्ट्या लागल्या. एक माणूस भट्टीवर ओला चिखल थापत होता, एकाच हातानं. डावा हात कोपरापाशी वाकडा, अंगाशी धरलेला. मी ओळखलं आणि वळलो. पण त्यानंही ओळखलं होतं.

"सायेब, तुमी भिंगवालं ना?"

मी म्हणालो, हो. पळायला जागा नव्हती. आता हा शिव्या देईल, माणसं गोळा करील असं वाटलं. खरं सांगू? तसं व्हावं असंही वाटलं.

पदू जवळ आला. केस पांढरे झाले होते. सोमी मागे लाकडं रचत होती, ती थांबली.

"सायेब," तो म्हणाला, "तवापासनं मी मासं मारत नाय. पोरांना बी मारू देत नाय. गेळाच्या झाडाखालून जात नाय. अख्ख्या गावाचं भात आमच्या हातून मेलं. मला तवा खरं वाटत नवतं. मी सोमीला बोललो, पान्यानं असं व्हयाचं नाय. पन तुमी भिंगातून बघून बोललात रोग नाय, तवा मग मला पटलं." मग अगदी हळू, "तसंच झालं ना, सायेब? मला आपलं कदी कदी वाटतं, नसंल."

म्हणजे गावानं त्याला मारलं, घालवलं, आणि तरी एक गोष्ट त्याच्याजवळ होती — आपण हे केलेलं नाही, ही. तीही माझ्या शब्दामुळे गेली होती. आणि आता तो ती परत मागत होता. कुणी साक्षीदार नव्हता. खोत वारले होते, रावसाहेब वारले होते. मला कुणी काही करणार नव्हतं. बोलायला दोन वाक्यं पुरली असती.

सोमी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांवरून मला वाटलं, हिनं माझा शब्द कधीच मानलेला नाही. आणि त्याचाच मला राग आला. हो, राग. तिच्यासमोर खोटं ठरायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मी म्हणालो, "हो, तसंच झालं."

पदूनं मान हलवली. "मग बराबर," म्हणाला, आणि भट्टीकडे वळून पुन्हा चिखल थापू लागला.

मी खोपोलीला परत आलो, संध्याकाळच्या पंगतीला बसलो, जेवलो. पदू त्यानंतर आणखी किती वर्षं जगला ते मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. ती वाट मला माहीत होती. मी गेलो नाही.