फाटकावरचं तांबं

रुपराव कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी पीत नसत, आधी भिंतीवरचा प्लग बघत. कोराडीच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं वायरी सांभाळून ते निवृत्त झाले होते. होल्डरमध्ये बसवलेला एक साधा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, असा दिवा त्यांच्या पिशवीत कायम असे. एक टोक वीज असलेल्या भोकात, दुसरं वरच्या मोठ्या भोकात. दिवा पेटला तर घराला अर्थिंग आहे. नाही पेटला तर रुपराव नुसतं "हं" म्हणत आणि यजमानाकडे असं बघत, की तो जणू आंघोळ न करताच देवाला शिवलाय. मग चहा अर्धा ठेवून उठत.

पुढे गोधनीला, आपल्या घराजवळच्या पानठेल्यावर त्या घराचे धिंडवडे निघत. ओट्याला ग्रॅनाइट आहे, छताला गुलाबी दिवे आहेत, टीव्ही भिंतीएवढा आहे, आणि जमिनीत उतरणारी एक वायर नाही. मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जाईल कुठे? जो हात लावेल त्याच्या अंगातून. "शिकलेले गाढव," म्हणत रुपराव सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत. त्यांचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं असे. पण ज्याचं घर, त्याला ते कधी सांगत नसत. गाढवापुढे गीता कोण वाचेल, असा त्यांचा सवाल असे. आपल्या शहाणपणावर हा माणूस इतका खूश होता, की ते कुणाच्या उपयोगी पडावं असं त्याला कधी वाटलंच नाही.

त्यांची एकुलती मुलगी भावना बेसा भागातल्या वैरागड्यांकडे दिलेली. सासरे बाबाराव टाइल्सचे व्यापारी. त्यांनी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीला रुपराव पत्नीसह, म्हणजे शोभाताईंसह, गेले. व्याह्यांच्या घरी पिशवीतला दिवा काढणं बरं दिसलं नसतं. हात धुवायला म्हणून ते आत गेले आणि तिथे त्यांनी तो काढलाच. दिवा पेटला नाही.

बाहेर आले तर बाबाराव फाटकाशी उभे राहून पाहुण्यांना आपल्या नावाची पाटी दाखवत होते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, अस्सल तांब्याचा जाड पत्रा. त्यावर कोरलेलं नाव, आणि वरच्या अंगाला दोन भोकं, त्यांत पितळी फुलं बसवलेली. ती भोकं कशाची, हे तिथे एकट्या रुपरावांना कळलं. अर्थिंगची वायर तिथेच आवळतात.

"वायरवाला हे मातीत गाडायले निघाला होता," बाबाराव सांगत होते. "मीठ अन् कोळसा टाकून. मी म्हटलं, पागल झाला का गा? एवढं तांबं कोनी मातीत घालते का? इतवारीच्या बाजारात नेलं अन् नाव कोरून आणलं."

पाहुणे वायरवाल्याला हसले. तोही असा दीडशहाणा, की अर्थिंगची हिरवी वायर बोर्डात तशीच गुंडाळून ठेवून पुढच्या कामाला गेला. पाटी कशी वाटली, असं बाबारावांनी व्याह्यांना कौतुकाने विचारलं. जबरदस्त, असं रुपराव म्हणाले.

घरी येताना बसमध्ये ते इतके हसले, की शोभाताईंना वाटलं जेवण बाधलं. कळल्यावर त्यांनी विचारलं, मग सांगितलं का नाही? मुलीच्या बापाने व्याह्यांच्या दारी अक्कल पाजळू नये, असं उत्तर मिळालं. ही पळवाट होती. खरं म्हणजे असा किस्सा त्यांच्या हाती आजवर लागला नव्हता, आणि चूक दुरुस्त केली असती तर किस्सा संपला असता.

महिनाभर ठेल्यावर तोच खेळ रंगला. एप्रिल सरत आला तेव्हा भावनाचा फोन तिथेच आला. कूलरला हात लावला की मुंग्या येतात, म्हणाली. मीटरजवळचं सुरक्षेचं बटण सारखं पडायचं, म्हणून मामंजींनी वायरवाल्याकडून ते काढूनच टाकलं. लोखंडी कूलर, खाली ओली फरशी आणि रोज पाणी भरणारी आपली पोरगी, हे रुपरावांना एका क्षणात दिसलं. पण समोर चार माणसं कान देऊन उभी होती, आणि तोंडाशी आलेला विनोद गिळणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"तुया सासऱ्याले म्हण, फाटकावरची पाटी वाच," ते म्हणाले. "करंट पळून जाते."

ठेला खदखदून हसला. भावनाने फोन ठेवला. रविवारी जाऊन बघू, असं रुपरावांनी मनाशी ठरवलं.

शुक्रवारी दुपारी भावना अनवाणी पायांनी कूलरमध्ये पाणी भरत होती, आणि तिचा हात पत्र्याला चिकटला. सासू यमुताईंना विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी कपडे वाळत घालायची बांबूची काठी उचलली आणि सुनेच्या मनगटावर जोरात मारली. हात सुटला. उजव्या हाताची दोन बोटं भाजली, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले, पण पोरगी वाचली.

ती घरी आली त्या दिवशी रुपराव पाना, पेचकस आणि कुदळ घेऊन बेसाला पोचले. त्यांनी थेट पाटीचे स्क्रू काढायला घेतले. लोक काय म्हणतील, नवा पत्रा आणू, असं बाबाराव विनवत राहिले. रुपरावांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जावई श्रीधर कुदळ घेऊन खणू लागला. संध्याकाळपर्यंत बाबाराव वैरागडे यांचं कोरीव नाव मीठ-कोळशाखाली गेलं, हिरवी वायर जोडली गेली, बटण बसवायचं तेवढं उरलं. मग रुपरावांनी पिशवीतला दिवा काढला. तो पेटला.

बोटांना पट्टी बांधलेली भावना दारात उभी होती. रुपराव नेहमीच्या तुच्छतेने म्हणाले, "पाहिली तुया सासऱ्याची अक्कल?"

"त्यायले मालूम नव्हतं, बाबा," भावना म्हणाली. "तुमाले मालूम होतं. अन् तुमी हसून राहिले होते. मले फोनमध्ये ऐकू येत होतं."

रुपरावांनी दिवा प्लगमधून काढला आणि वायर गुंडाळत बसले. यमुताईंनी चहा आणून समोर ठेवला. तो त्यांनी मान खाली घालून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.