आंधळ्या किड्याला डोळे देणारा डोमा पेंटर

नाकाडोंगरीचा डोमा गजभिये हा मेलेल्या माणसांची दुरुस्ती करणारा पेंटर. तुमसर तालुक्यात तेरवी असो की पुण्यानुमोदन, खुर्चीवर ठेवून हार घालायचा फोटो त्याच्याकडूनच रंगवून घ्यायची रीत होती. घरचे लोक एखादा पुसट फोटो आणून देत. कधी रेशनकार्डावरचा, कधी लग्नाच्या घोळक्यातला, ज्यात मयत मागच्या पंगतीत जेवत असायचा. डोमा त्याला तिथून उठवी, तोंड पुसे, कोट घाली, गालाचे खड्डे भरी आणि दहा वर्षांनी लहान करून फ्रेममध्ये बसवी. जिवंतपणी ज्याला घरात कोणी चहा विचारत नव्हतं, तो डोमाच्या हातून गेला की मामलेदार दिसायचा.

डोमाचा नियम एकच. मेलेल्याचे डोळे उघडे पाहिजेत आणि दोन्ही पाहिजेत. बुबुळात तो पांढऱ्या रंगाची इवलीशी चौकट काढी, खिडकीचा उजेड पडल्यासारखी. ती चौकट पाहिली की बायका हंबरडा फोडत, आणि बायका रडल्या की फोटो पास.

पण अशा फोटोखाली पेंटरने नाव टाकायचं नसतं. मयताच्या पायाशी जिवंत माणसाचं नाव आलं की पुढचा नंबर त्याचाच, असं आपल्याकडे समजतात. त्यामुळे चाळीस गावांतल्या भिंतींवर डोमाची चित्रं आणि एकाखालीही डोमा नाही. भंडाऱ्यातून गोंदिया फुटला तेव्हा पलीकडच्या गावांतल्या पाट्यांवरचं ‘जिल्हा भंडारा’ खोडून ‘जिल्हा गोंदिया’ लिहिण्यात त्याचे सहा महिने गेले. सरकारने कागदावर फोडलेला जिल्हा खरा फोडला डोमाच्या ब्रशने, पण सही तिथंही नाही. पन्नाशी उलटली तरी नावाचा विषय निघाला की तो गाल फुगवून बसे. त्याची बायको पार्वताबाई म्हणायची, “यायले पोरगा झाला तवा एवढा आनंद नाही झाला, जेवढा कुठं नाव छापलं तं होईन.”

तर या डोमाच्या आयुष्यात भोजराज सर आले. तुमसरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवीत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि तोवर एखादा किडा आपल्या नावावर लागावा अशी त्यांची फार इच्छा. पावसाळा सरल्यावर नाकाडोंगरीत एक विहीर खोदणं चालू होतं. सर रोज मोटरसायकलवरून येत, वीस हात खालची माती बादलीत टाकत, पाणी ओतून ढवळत, मग माती फेकून देत आणि वर तरंगलेला कचरा चहाच्या गाळणीत धरत. गावाला आधी वाटलं, सर मॅगनीज शोधून राहिले. नंतर वाटलं, सोनं. आठवडाभर निम्मं गाव आपापल्या बादलीत माती ढवळत होतं. बायकांनी गाळण्या लपवल्या तेव्हा ती साथ ओसरली.

सरांना सापडला किडा. तांदळाच्या कणीएवढा, मधाच्या रंगाचा. जमिनीवर पळणाऱ्या भुंग्यांच्या घराण्यातला, पण पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या पोटात राहिल्यामुळे डोळे गेलेला. पुस्तकात असा कुठंच नव्हता. दोन नर आणि एक मादी, एवढाच संसार हाती लागला.

नवा किडा जाहीर करायचा तर त्याच्या अंगाचं वर्णन छापावं लागतं, आणि वर्णनासोबत चित्र. कॉलेजचा सूक्ष्मदर्शक चांगला होता, पण त्याला कॅमेरा नव्हता. सर डोमाकडे आले.

“डोमा, माणसं खूप रंगवली. हा रंगव.”

डोमाने काचेवरची कणी पाहिली. “हा कोण होय सर?”

“जगात कोणाले माहीत नाही असा होय. चित्र परदेशातल्या अंकात छापून येईल. खाली तुझं नाव येईल, आकृती काढणारा म्हणून.”

डोमा उभाच राहिला. “माझं? छापील?”

“छापील.”

त्या दिवशी डोमाने दोन तेरव्यांची कामं परत केली. मयतांना काय, ते थांबतात.

महिनाभर तो रोज सायकलने बस स्टॉपवर आणि तिथून तुमसरला जाई. एक डोळा भिंगात, दुसरा कागदावर. रंग नाही, ब्रश नाही. नुसत्या शाईच्या टाकाने ठिपके द्यायचे. सावली पाहिजे तिथं दाट, उजेड पाहिजे तिथं विरळ. संध्याकाळी पानठेल्यावर त्याचं पुराण चाले आणि ठेल्याची पानविक्री वाढे.

“काय सांगू बापा, मिशी म्हणजे अकरा मण्यांची माळ. आन् पुढच्या पायाले आतून खाच हाये, त्याच्यात केसांचा कंगवा. मिशी त्याच्यातून ओढून साफ करते. आपल्या गावात असा नेटका माणूस दाखवा!”

“पंख?” कोणीतरी विचारी.

“पाठीवर दोन झाकणं हायेत, खाली पंख नाहीत. नराच्या पुढच्या पायाचे दोन सांधे रुंद, खालून चिकट केस. कायले? तं बायको निसटू नये म्हणून.”

यावर फार वेळ चर्चा होई. त्यातही किड्याची जात नक्की कशी ठरते हे डोमाने सांगितलं त्या दिवशी तर लोक जेवायला घरी गेले नाहीत. नराचं पोट उघडून त्याचं गुप्तांग बाहेर काढायचं, ते कोयतीसारखं वाकडं कुठून किती आहे ते मोजायचं, तेव्हा कुठं जात पक्की. “बरं हाय,” एक म्हातारा म्हणाला, “आपल्याले तहसीलमध्ये नुसता कागद मागतेत.”

चित्र झालं. सर ते पाहून हरखले. मणी मोजले, कंगवा मोजला, कोयती तर दोनदा मोजली, आणि पाकीट परदेशी रवाना केलं. डोमाने लग्नातला कोट इस्त्री करून ठेवला. अंक आला की घालायचा म्हणून.

चार महिन्यांनी अंकाऐवजी पत्र आलं. तिकडच्या तज्ज्ञाने फार अदबीने लिहिलं होतं: आपल्या वर्णनात डोळे पूर्णपणे नाहीत असं म्हटलं आहे, आपल्या चित्रात मात्र दोन सुंदर डोळे आहेत. दोन्हींतलं खरं काय ते कळवावं. तसंच, प्रत्येक डोळ्यात जी चार तावदानांची खिडकी दिसते, ती किड्याच्या शरीराचाच भाग आहे काय?

सरांनी चित्राची प्रत काढून पाहिली. डोळे होते. टपोरे, पाणीदार, तेरवीचे. पाठवण्याआधी तीन वेळा पाहूनही सरांना ते दिसले नव्हते, कारण तोंड म्हटलं की डोळे असायचेच; नसते तर दिसले असते. डोमाला बोलावलं.

“काहून गा काढले हे डोळे?”

“सर, मेला होता ना तो.”

“मंग?”

“मेलेल्याले डोळ्याबिगर कसा धाडू? तेही परदेशात!”

सरांचा आवाज कॉलेजच्या फाटकापर्यंत गेला असं शिपाई सांगतो. शेवटी त्यांनी अट घातली. आठ दिवसांत बिनडोळ्यांचं चित्र आण, नाहीतर मी नागपूरच्या ड्राफ्ट्समनकडून काढून घेतो, आणि मग नाव त्याचं छापून येईल.

डोमा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. नाव पाहिजे होतं. पण डोळे खोडायचे म्हणजे त्याच्या हिशेबाने मेलेल्याला दुसऱ्यांदा मारायचं. तीस वर्षांत त्याने डोळे दिले होते, घेतले नव्हते. तीन दिवस त्याने धड खाल्लं नाही. चौथ्या दिवशी पार्वताबाई भाताचं गंज खाली आपटून म्हणाली,

“काहून रुसून राहिले जी एका किड्यापायी?”

“तुले नाही समजत वो. बिनडोळ्यांचा फोटो कसा दिसन?”

“त्याच्या बायकोनं त्याचे डोळे कधी पाह्यले होते का?”

डोमाने भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं.

“जसा होता तसाच तिले पटला ना? मंग तुमाले काहून नाही पटत? उद्या ती आली तं तुमचा फोटो पाहून म्हणन, हा कोण बापा, हा माझा नवरा नोहे!” मग ताट सरकवत तिने शेवटचा घाव घातला. “तुमी रंगवलेला माझा बाप मले अजून ओळखू नाही आला.”

डोमा उठून जेवला. दुसऱ्या दिवशी तुमसरची पहिली बस धरली.

या वेळी तो आधी नुसता पाहत बसला. टाक उचललाच नाही. डोळ्यांच्या जागी काय आहे, असं त्याने तोवर कधी पाहिलंच नव्हतं. ती जागा आपणच भरायची म्हणून न पाहताच सोडून दिलेली. शिपाई म्हणतो, दिवसभर माणूस भिंगाला चिकटून. दिवा सरकव, काच फिरव, पुन्हा पाह. चौथ्या दिवशी त्याने चित्र सरांपुढे ठेवलं. डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी डावी-उजवीकडे दोन-दोन लांब केस होते.

सर भडकले. “डोमा, पुन्हा सुरू? मी वर्णनात एकेक लिहिला आहे. हा दुसरा खोड.”

“सर, दुसरा चापून बसला हाये. दिवा बाजूनं धरला तं दिसते.”

“तू म्हणशील तिथं केस उगवतील काय? खोड, नाहीतर नाव विसर.”

डोमाने घाम पुसला. कोट घरी इस्त्री करून टांगलेला होता.

“सर, डोळे नव्हते, खोडले. हे केस हायेत. हायेत ते मी नाही खोडत. नाव द्या की नका देऊ.”

सर तणतणत भिंगापाशी गेले. बाजूने दिवा धरला. एका मिनिटात मान वर करतील असं डोमाला वाटलं, पण सर पंधरा मिनिटं वाकलेलेच राहिले. दुसरा नर पाहिला, मादी पाहिली. मग सरळ झाले आणि वर्णनातला ‘एक’ खोडून निमूटपणे ‘दोन’ लिहिला.

पुढच्या वर्षी अंक आला. किड्याला सरांनी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचं नाव दिलं होतं. सूक्ष्मदर्शकाचा बल्ब त्यांनी मंजूर केला होता ना. अध्यक्षांनी पेढे वाटले. किडा आंधळा आहे आणि मातीखालून कधी वर येत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही.

चित्राखाली बारीक अक्षरात डोमाचं नाव होतं. कोट घालून तो पानठेल्यावर गेला. अंक हातोहात फिरला. लोकांनी चित्र उलटं केलं, सुलटं केलं.

“डोळे कुठं हायेत गा?”

“नाहीत त्याले.”

“म्हातारा झाला तू डोमा,” ठेलेवाला हळहळला. “डोळेच काढाचे भुलला.”

पंधरा दिवस गावात हेच. दोन तेरव्यांची कामं डोमाला सोडून भंडाऱ्याच्या स्टुडिओत गेली. डोमा मात्र अंकाचं ते पान काचेत बसवून ओसरीवर टांगून मोकळा झाला, आणि कोणी आलं की आधी नाव दाखवी, मग केस.

सरांच्या निवृत्तीच्या वेळी विभागात लावायला त्यांचं तैलचित्र काढायचं ठरलं. काम डोमालाच. सर खुर्चीत बसले. डोमाने दिवा बाजूनं धरला आणि बराच वेळ नुसता त्यांच्याकडे पाहत राहिला. सर अस्वस्थ झाले. टाळूवरून हात फिरवत हळूच म्हणाले,

“डोमा, इथं थोडे केस घाल ना.”

“घालतो ना सर,” डोमा ब्रश बुडवत म्हणाला. “पण मंग खाली माझं नाव नाही टाकत.”