पहिला बोल्ट

आमच्या खाडीकाठच्या गावात जुनी होडी मोडायची झाली की पहिला खिळा मालक स्वतःच्या हाताने काढतो. तो 'मोडा आता' म्हणाला की मग सुतार हात लावतो. मालक म्हातारा असो, आजारी असो, त्याला धरून किनाऱ्यावर आणतात, हातात पकड देतात आणि सगळे गप्प उभे राहतात. हे का, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. धरमतरच्या खाडीकाठी वाढलेला मी, मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. म्हणूनच पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी रोह्याला गुरांचा डॉक्टर होतो. डोंगरावरच्या वाड्यांवर जायला एक आखूड पेट्रोल जीप जुनी घेतली होती. दिसायला झकास, पण चढावर तिचा जीव जायचा. एका पावसाळ्यात वाडीवरची गाय अडली होती. वासरू आडवं आलेलं. जांभ्याच्या चढावर माझी चाकं नुसती गरगर फिरत राहिली, गाडी जागची हलेना. शेवटी बॅग खांद्यावर टाकून चालत गेलो. पोचलो तेव्हा गाय गेलेली होती आणि घरची बाई तिच्या मानेवर हात ठेवून बसली होती.  

बाबांची जीप माझ्याच गाडीच्या जातीची, पण जुनी, लांब आणि दणकट. बाबा खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या कामावर मुकादम होते. उधाणाने बांधाला खांड पडली की माणसं, दगड, पेंढा, सगळं त्या जीपमध्ये भरून ते चिखलातून बांधापर्यंत न्यायचे. दरवर्षी पाऊस संपला की गाडीखाली आडवे होऊन सगळ्या सांगाड्याला आणि बोल्टांना मोरी माशाचं तेल लावायचे, होड्यांना लावतात तेच. चार दिवस अंगणात उभं राहवत नसे इतका वास. मी नाक दाबून चेष्टा करायचो. माझी गाडी मात्र मी दर रविवारी गावी आलो की विहिरीच्या मचूळ पाण्याने चकचकीत धुवायचो. बाबा ओट्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "मीठ लावतंस काय गाडीला? सुकत घालाची हाय?"

मी हसायचो. शिकलेला होतो ना.

मग बाबांना वाऱ्याचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणंही अडखळत, एकेक शब्द शोधून. गाडी चालवणं संपलं. पण रोज सकाळी काठी टेकत ते अंगणातल्या छपराखाली उभ्या असलेल्या जीपपाशी जायचे, कसेबसे चढून ड्रायव्हरच्या जागी बसायचे आणि डावा हात स्टिअरिंगवर ठेवून समोरची खारवट शेतं बघत राहायचे. आई चहा तिथेच नेऊन द्यायची. मला म्हणायची, "तुझा बाप गेला रं ड्युटीवर." चेष्टा करतानाही तिचा आवाज जड व्हायचा.

त्या उन्हाळ्यात मी बाबांकडे त्यांच्या गाडीचा मागचा एक्सल मागितला. रोह्याच्या मिस्त्रीने सांगितलं होतं की त्यातल्या डिफचे, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीचे, दाते असे आहेत की चाक सावकाश फिरतं पण जोर लावतं, चढावर तेच कामाला येतं. बदल्यात माझा एक्सल त्यांच्या गाडीला लावून देणार होतो. बाबांनी आधी जीपकडे बघितलं. मग म्हणाले, "ने. पन गाडी चाकांवर उभी ऱ्हाऊ दे. नि पयला बोल्ट मी काढीन." मी व्हय म्हणालो. त्यांच्या डाव्या हाताकडे बघून मला वाटलं, हा हात काय बोल्ट काढणार. पण व्हय म्हणालो.

आठवड्याभरात बाबांच्या छातीत कफ भरला आणि त्यांना पेणच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिकडे रोह्यात मिस्त्रीने माझी जीप वर उचलली आणि खालून मला हाक मारली. मी वाकून बघितलं. एक्सलच्या वेल्डिंगच्या कडेने मीठ खाऊन गेलं होतं, त्याने पान्याचं टोक टेकवलं तर पापुद्रा सुटून खाली पडला. कमानपाटे एकमेकांना गंजाने चिकटलेले.

"डॉक्टर, ह्यातलं परत कुठल्या गाडीला लावायच्या लायकीचं काय नाय," तो म्हणाला. "आनि दोन्ही डिफ बदलायला लागतील. पुढचं राहिलं नि मागचं बदललं तर चाकं दोन दिशांना ओढतील. वडलांची गाडी अख्खी आना इथं."

म्हणजे बाबांची गाडी चाकांवर उभी राहणार नव्हती.

पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. मिस्त्री त्याच आठवड्यात मोकळा होता, पुढे कंपनीच्या गाड्यांचं काम घेणार होता. ही दोन्ही कारणं खरी होती आणि मी ती सगळ्यांना सांगितली. तिसरं कारण कुणाला सांगितलं नाही. दवाखाना पेणलाच होता, मी रोज संध्याकाळी तिथे जात होतो. खाटेशेजारी बसून विचारायला पाच मिनिटं लागली असती. पण बाबा नको म्हणतील ही मला भीती होती, आणि मला नको ऐकायचं नव्हतं.

टेम्पो आणून मी त्यांच्या जीपला टोचन लावलं. आई दारात आली. "बापाला इचारलंस ना?" तिने विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. माझ्या आईशी मी इतकं सरळ खोटं त्याआधी कधी बोललो नव्हतो.

रोह्यात मिस्त्रीने गाडी उघडली तेव्हा तो अचंब्याने वाकून बघू लागला. इतकी वर्षं खाडीच्या चिखलात फिरलेली गाडी, आणि बोल्ट पाना लावला की लोण्यासारखे सुटत होते. आत ग्रीस तसंच पिवळं. "कोनाचा हात फिरलाय हिच्यावर?" तो म्हणाला. त्या मोरीच्या तेलाचा वास गॅरेजभर पसरला होता. या वेळी मी नाक दाबलं नाही.

तीन दिवसांत दोन्ही एक्सल, पाटे, गिअरपेटी माझ्या गाडीखाली गेली. बाबांच्या गाडीचा सांगाडा चार दगडांवर ठेवला. माझे गंजलेले भाग भंगारात गेले. चाचणीला मी जीप त्या वाडीच्याच चढावर नेली. ती शांतपणे, एका लयीत वर चढली, बाबांच्या हाताखाली चालायची तशी. मला आनंद झाला हे लपवत नाही. वर पोचल्यावर इंजिन बंद केलं आणि उतरायलाच नको वाटलं.

बाबा घरी आले त्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली होती. रिक्षातून उतरताना त्यांची नजर आधी छपराकडे गेली. तिथे जमिनीवर तेलाचा डाग होता, बाकी काही नव्हतं. त्यांनी आईकडे बघितलं. "तुम्हीच व्हय म्हनलात ना?" आई म्हणाली, आणि बाबांच्या तोंडाकडे बघताच तिला सगळं कळलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. 

बाबा रागावले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. रात्री जेवताना एकदाच म्हणाले, "पयला बोल्ट कोनी काढला?"

"मिस्त्रीने."

त्यांनी मान हलवली आणि भाताचा घास उचलला.

दुसऱ्या दिवसापासून ते छपरात खुर्ची टाकून बसू लागले, त्याच जागी, समोरच्या शेतांकडे तोंड करून. डावा हात मांडीवर. आई चहा नेऊन द्यायची, पण ड्युटीची चेष्टा तिने पुन्हा केली नाही. मी पुढच्या रविवारी आलो तेव्हा हे बघितलं. त्यांच्यापाशी जाऊन बसलो. म्हणालो, "बाबा, मी खोटं बोललो. चुकलो."

त्यांनी काठी हातात घेतली. मग म्हणाले, "मना रोह्याला ने."

त्यांना माझ्या जीपमध्ये शेजारी बसवलं. वडखळ, नागोठणे मागे पडलं. भिसे खिंडीच्या चढाला मी गिअर खाली घेतला तेव्हा त्यांनी डोकं जरासं कलतं केलं आणि ऐकत राहिले. "आपलीच हाय," एवढंच म्हणाले.

गॅरेजमध्ये त्यांचा सांगाडा कोपऱ्यात दगडांवर होता. खाली चाकं नाहीत; इंजिन आणि दारंही मिस्त्रीने मजुरीपोटी काढून घेतलेली. बाबा काठी टेकत भोवतीने एक फेरी मारून आले. मिस्त्री हात पुसत उभा होता, त्याच्याकडे बाबांनी डावा हात पुढे केला. मिस्त्री समजला. त्याने पाना दिला. मला तेव्हाही कळलं नव्हतं.

ड्रायव्हरची सीट तेवढी जागेवर होती. तिच्या पायाशी वाकायला बाबांना किती कष्ट पडले ते सांगता येत नाही. काठी टाकली, गुडघा टेकला, पाना बोल्टला लावला. तो निसटला. पुन्हा लावला. पुन्हा निसटला. कपाळावर घाम आला होता. मी पुढे होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला.

"हात काढ," ते म्हणाले.

मी हात काढला. मिस्त्रीने गॅरेजमधला रेडिओ बंद केला. तिसऱ्या वेळी पाना बसला आणि बोल्ट हलला. त्यांनीच वर्षानुवर्षं तेल पाजलेला बोल्ट, त्यांच्या निम्म्या ताकदीच्या हातालाही तो नाही म्हणाला नाही. पुढचे आटे त्यांनी बोटांनी सोडवले. बोल्ट काढून सदऱ्याच्या खिशात टाकला, माझा खांदा धरून उभे राहिले आणि श्वास जागेवर येईपर्यंत थांबले.

मग मिस्त्रीकडे आणि माझ्याकडे बघून रीतीप्रमाणे म्हणाले, "व्हय. मोडा आता."

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मोडायला तिच्यात काही उरलं नव्हतं.