शेठजींच्या गादीवरचा कर्सर

बुऱ्हाणपूरच्या व्यापारी पेढ्यांवरचे कॉम्प्युटर नुकते इंटरनेटला जोडले जात होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. तिथल्याच लालबाग भागात दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. केळीच्या व्यापाऱ्यांना बिलाचं सॉफ्टवेअर मालक विकायचे, आणि ते अडलं की बोलणी खायला मी होते. फोनवर विचारावं, "शेठजी, स्क्रीनवर काय दिसतंय?" तर उत्तर यायचं, "दिसायचं काय, सब कुछ दिसून राहिलं!" मग मी स्कूटी काढून शाहपूर गाठायचं, नाहीतर नेपानगर. तिथे प्रिंटरची वायर निघालेली असायची.

शेवटी मालकांनी ठरवलं, बसल्या जागेवरून ग्राहकाचा कॉम्प्युटर चालवता येईल असं काहीतरी घ्यायचं. पाहून, चालवून दोन सॉफ्टवेअर उरली. एक असं की एकदा टाकलं की आपण केव्हाही आत शिरावं, कोणाला विचारायला नको. दुसरं दरवेळी नवा नंबर दाखवायचं. तो ग्राहकाने फोनवर वाचायचा, परवानगीचं बटण दाबायचं, तेव्हा कुठे आपल्याला आत घेणार. मी दुसरं म्हटलं. मालक हसले. "अगं, यांना बटण दाबता येत असतं तर आपल्याला कोणी विचारलं असतं?" मला असा राग आला की डबा न उघडता घरी नेला.

पहिलं सॉफ्टवेअर सगळीकडे गेलं. थोड्याच दिवसांत शाहपूरच्या शेठजींचा फोन आला. ते जेवायला उठले होते, आणि इकडून मालकांनी न सांगता त्यांच्या कॉम्प्युटरात दुरुस्ती सुरू केली होती. शेठजी परतले तर कर्सर आपला आपण हिंडतोय! त्यांनी सरळ प्लग उपटला.

"माझ्या गादीवर कोण बसलं होतं?" ते ओरडले. "उद्या इंदूरवाल्यांना बोलावलं मी!"

मालकांचं तोंड उतरलं. इंदूरची कंपनीही बिलाचंच सॉफ्टवेअर विकायची. शेठजी करतील तेच शाहपूरचे बाकीचे व्यापारी करत. ते गेले असते तर आमच्या ऑफिसला कुलूप लागलं असतं.

मला मात्र शेठजींचं म्हणणं लगेच पटलं. आमचंही कापडाचं दुकान. वडील उठून गेले तरी थोरला भाऊ कडेलाच बसायचा. "बसू का?" म्हटल्याशिवाय गादीला टेकायची त्याची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शाहपूरला गेले. शेठजींसमोर पहिलं सॉफ्टवेअर काढलं, दुसरं टाकलं आणि परत आले. ते फक्त "बघू" म्हणाले होते.

दुपारी फोन वाजला. केळीचा ट्रक भरून उभा, बिल निघेना, आणि इंदूरची माणसं समोर बसलेली.

"नंबर वाचा शेठजी."

लिलावात भाव पुकारावा तसा त्यांनी नंबर पुकारला. बटणही दाबलं. मी कर्सर हलवला, तोच त्यांनी माऊस धरला.

"म्हंजे मी धरला तर माझा?"

"तुमचाच. तुम्ही हात लावलात की मी थांबते."

त्यांनी कर्सर स्क्रीनभर फिरवून पाहिला. मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"ठीक हाय. कर आता, ताई."

चूक छोटी होती, लगेच दुरुस्त केली. फोनमधून प्रिंटरची खरखर ऐकू आली, आणि पाठोपाठ शेठजींचा पाहुण्यांना सवाल.

"तुमच्यातला माणूस आत यायच्या आधी विचारतो का?"

"त्याची गरजच काय?" तिकडून कोणीतरी म्हणालं.

"मग चहा घ्या अन् निघा."

मी ऑफिसात इतक्या जोरात ओरडले की खालचा पानवाला वर बघायला आला. असा आनंद मला परीक्षेच्या निकालानेही कधी दिला नव्हता. संध्याकाळी मालक एवढंच म्हणाले, "ते पहिलं सगळ्यांकडून काढून टाक."

त्या सॉफ्टवेअरने कुठेही न विचारता शिरता येत होतं, काम चुटकीसरशी झालं असतं. पण मी एकेकाला फोन लावला आणि विचारलं, "शेठजी, आत येऊ का?"