चिनी कापडवाल्याची मुळी

चौदाव्या वर्षी मी आसेगावला नांदायला आले. महिन्याचे ते चार दिवस गोठ्यालगतच्या पडवीत बाहेर बसायचं आणि पहिल्या दोन दिवसांत माझं पोट असं दुखायचं, की गुडघे पोटाशी घेऊन, कपाळ जमिनीला टेकवून मी पडून राही. माहेरी शेजारची एक बाई अशाच दुखण्यात गेली होती. आपणही तशाच जाणार, हे मी मनात धरूनच होते. कंबरेत जरा कळ आली की माझे हातपाय गार पडत.

त्या दिवशी सासूबाई आणि घरचे सगळे कापूस वेचायला शेतात गेले होते. घरी मी आणि माझी थोरली जाऊ. दुपारी दाराशी चिनी कापडवाला आला. पाठीवर रेशमी कापडाचा गठ्ठा घेऊन हे लोक तेव्हा वाशीम-कारंज्याकडून गावोगाव फिरत. जावेनं कापड नको म्हणून सांगितलं. पण पडवीतलं माझं कण्हणं त्याला ऐकू गेलं.

"कौन बीमार?"

"देरानी हाय. पोट दुखते तिचं, दर महिन्याले," जाऊ पदर सावरत म्हणाली.

त्यानं गठ्ठ्यातून एक कागदी पुडी काढली. आत कुठल्याशा मुळीच्या पातळ चकत्या होत्या, ओव्यासारख्या उग्र वासाच्या. "मेरी औरत पीती. उबालो. खून चलता, दर्द जाता." मग त्यानं आपल्या पोटापुढून हात गोल फिरवला आणि जोरजोरात मान हलवली. "ऐसा, तो नहीं. बिलकुल नहीं!"

तांब्याभर पाणी पिऊन तो गेला.

"भरल्या पोटी घ्याचं नाही म्हन्ते," जाऊ म्हणाली. मलाही तेच वाटलं.

परसात तीन दगड मांडून तिनं काढा उकळला. रंग काळाकुट्ट. वाटी लांबून सरकवून ती म्हणाली, "पे."

"जहर असन तं?"

"जहर कायले देईन तो? थांब, मीच आंधी पेतो."

तिनं आपली वाटी एका दमात रिकामी केली. मग मी प्यायले. दिवस कलायच्या आत माझं दुखणं उतरलं. अंगावरून मात्र नेहमीपेक्षा जास्त जाऊ लागलं, त्यानं मी घाबरले. सलग तीन दिवस, सगळे शेतात गेले की ती काढा करी. तिनं आधी प्यायल्याशिवाय मी वाटीला हात लावत नसे.

आठेक दिवसांनी सकाळी जाऊ भाकरी थापता थापता उठली आणि परसात जाऊन ओकली. सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"किती दिस झाले वं तुले?"

"दोन महिने सरले," ती खाली बघून म्हणाली.

सासूबाई हसल्या. मी जात्यावर होते. माझा हात खुंट्यावरच राहिला. पोटापुढून गोल फिरलेला तो हात मला दिसला. तो जेवणानं भरलेल्या पोटाबद्दल बोलतच नव्हता.

विहिरीवर मी जावेला त्या हाताचा अर्थ सांगितला. तिच्या हातातला दोर सुटला. "कोनाले सांगू नको," एवढंच ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिच्या लुगड्याला डाग लागला. तो तिनं मला दाखवला आणि कोणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. मी घागर घेऊन निघाले ती विहिरीकडे गेलेच नाही. घागर बांधावर टाकून शेताकडे पळत सुटले. आता मला माहेरी हाकलून देणार, हे ठरलेलंच होतं. रस्ताभर मला दुसरंच काही दिसत होतं : जाऊ पांढरीफटक पडलेली, आणि शेजारी ती वाटी.

"आत्याबाई, जाऊबाईनं माह्यासाठी औषध पेलं. आता तिच्या अंगावरून जाऊन राह्यलं."

सासूबाईंच्या ओटीतला कापूस खाली सांडला. त्यांनी मला मारलं नाही. "किती पेलं?" एवढंच विचारलं.

"तीन दिस. रोज वाटीभर."

त्या इतक्या झपाझप चालू लागल्या, की मला मागे पळावं लागलं. सुईण आली. तिनं बाजेच्या पायथ्याखाली विटा लावल्या आणि जावेला उठायची बंदी केली. उरलेली पुडी सासूबाईंनी माझ्याकडून मागून घेऊन उकिरड्यात पुरली. तिसऱ्या दिवशी जाणं थांबलं. माझी भीती मात्र थांबली नाही. होणारं मूल कसं असेल, हाच विचार दिवसरात्र असे. त्यात जाऊ माझ्याशी बोलेनाशी झाली. शपथ मोडली म्हणून तिचा राग होता. मीठ हवं असलं तरी सासूबाईंकडे मागायची.

पेरण्या झाल्यावर ती बाळंत झाली. मुलगी. सुईणीनं तिला पुसून काढल्यावर मी आधी बोटं मोजली, हातांची, मग पायांची. मग टाळू फाटलेली तर नाही ना, हे बघायला हनुवटी दाबून तोंड उघडलं. पोर किंचाळली.

"काहून रडवतं तिले?" बाजेवरून जाऊ म्हणाली. सात महिन्यांनी ती माझ्याशी बोलली होती. मी पहिल्यापासून पुन्हा बोटं मोजू लागले, तेव्हा सुईणीनं पोर माझ्याकडून काढून घेतली.