अम्मींना गप्प बसवणाऱ्यांना

शाळेच्या ग्रुपवर टाकलेलं ते आरआयपी डिलीट करा, मॅडम.

ज्या बाईला तुम्ही वर्षभर गप्प बसवलंत, तिला आता फुलांचे इमोजी पाठवू नका.

अम्मी, माझ्या सासूबाई, आज सकाळी गेल्या.

माझी जोया सहा वर्षांची. तिची क्रियापदं अर्धीच येतात. अब्बा गेले, जातायत, उद्या जाणार, सगळ्याला एकच: "अब्बा जा."

जावेचा रेहान तिच्याहून लहान. तेच किराडपुऱ्यातलं घर, तीच दादी. तो आल्यागेल्याकडं तक्रार करतो, "अब्बा चले गए, मेरेकु नै लेके गए!"

तुम्ही रेहानबद्दल विचारलंच नाही, मॅडम. शाळेत अम्मींकडं बघून म्हणालात, "घरात ही खिचडी भाषा बोलता, म्हणून मुलगी अशी बोलते. आजींना सांगा, बोलायचं तर शुद्ध मराठी, नाहीतर इंग्लिश."

मी करमाडची, मराठी शाळेत शिकले. अम्मी कुठून आणणार शुद्ध मराठी?

त्यांनी तोंडच मिटलं.

जोया त्यांची ओढणी ओढायची. अम्मी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. मी चिडले, नवऱ्यानं त्यांना समजावलं. अम्मींचं उत्तर एकच, "नक्को रे बाबा. मेरे बोलने से बच्ची का नुकसान होता."

शेवटी स्पीच थेरपिस्टची अपॉइंटमेंट मिळाली. त्यांनी जोयाला मराठी आणि आमची घरची बोली, दोन्ही भाषांत तपासलं.

म्हणाल्या, "दोन भाषांमुळं असं होत नाही. काही मुलांना हे मुळातच जड जातं. तिचा चुलतभाऊ तेच ऐकून शिकला ना? हिला जास्त ऐकायला मिळू दे, तुमच्याच भाषेत. आजी, काम करता करता काय करताय ते तिला सांगत जा."

परत येताना रिक्षात अम्मी रडल्या.

"मतलब मेरी जबान में जहर नै था?"

आत्ता हे टाइप करतानाही संताप होतोय.

मग मात्र अम्मी सुटल्याच. "देख, दादी आटा गूंद रई. अब बेल रई. अरे, जल गई!" दिवसभर कॉमेंट्री. जोया मागं मागं. आम्ही म्हणायचो, अम्मी, तुम्हाला क्रिकेटवाले बोलावतील.

एक हिवाळा मिळाला दोघींना. फक्त एक हिवाळा. त्याआधीचं ते गप्प वर्ष कुणाच्या नावावर टाकू, मॅडम?

आज घर बायकांनी भरलं होतं. जोया अम्मींच्या उशाशी बसून त्यांना सांगत होती, "दादी, पंखा चल. खाला रो. रेहान पानी पी रा."

नणंदेनं दटावलं, "श्श, चुप बैठ बेटा."

मी ओरडलेच. मय्यतीच्या घरात, सगळ्यांदेखत. "कोई चुप नै करेगा उसकु!"

जनाजा उठेपर्यंत जोया बोलत होती. कुणीही तिला अडवलं नाही.

अम्मी, तिला आता कुणी गप्प बसवणार नाही.

खुदा हाफिज.