धुक्यातला ताणा

माझा एक अपराध मी आयुष्यभर लपवून ठेवला. पूजेला बसलो की तो समोर येई आणि मी स्तोत्राचा आवाज चढवीत असे. देवाला ऐकू जावे म्हणून नव्हे, तर मला दुसरे काही ऐकू येऊ नये म्हणून.

आम्ही नागपुरातले विणकर. वडिलांचे एक दूरचे भाऊ सुताचा व्यापार करीत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. माझ्या इंग्रजी शाळेचा खर्च ते उचलीत, त्यामुळे आमच्या घरी त्यांचा शब्द खाली पडत नसे. माझी धाकटी बहीण तेव्हा आठ वर्षांची होती. एका दुपारी माझ्या सदऱ्याचे टोक धरून ती उभी राहिली आणि सुताच्या कोठीत नेऊन काका तिच्याशी कसे वागतात, ते तिने तुटक शब्दांत मला सांगितले. ती खरे सांगते आहे याविषयी मला क्षणभरही शंका आली नाही. तरी मी म्हणालो, "गप राह्य. कोणाले सांगू नको." मला माझी शाळा दिसत होती. ती गप्प राहिली. मी शिकलो, पुढे मास्तर झालो.

काकांचे ते वागणे थांबवले आमच्या विधवा आत्याने. कोठीचे नाव निघताच मुलगी थरथरते, हे तिच्या ध्यानात आले. तिने मुलीला जवळ घेऊन विचारले, ऐकले, आणि काकांना दारातूनच परतवून लावले. पण तोवर माझी शेवटची परीक्षाही होऊन गेली होती. मधल्या दिवसांचा हिशेब माझ्याकडेच आहे.

बहिणीचे लग्न सावनेरकडच्या एका विणकर घरात झाले. दिवाळीला मी लुगडे घेऊन जाई, ओसरीवर टेकून चहा घेई आणि गाडीची वेळ सांगून उठे.

गेल्या पौषात झोप अगदीच उडाली, तेव्हा आदाशाच्या टेकडीवरच्या गणपतीला जाऊन मन हलके करावे असे ठरवले. वाटेत बहिणीचे गाव लागते. तिथे थांबायचे नव्हते. सावनेरहून पहाटे पायी निघालो, तो धुक्यात शिरलो. झाडे कुणीतरी पुसून टाकल्यासारखी होती. पायांखाली रस्ता होता की शेत, तेही कळेना. माझेच पाऊल मला दुसऱ्या कुणाचे वाटू लागले. मग समोर काही पांढरे तरंगताना दिसले. जवळ गेलो तर तो मागावर चढवायचा ताणा होता. खळ लावण्यासाठी बांबूंच्या आधाराने गल्लीभर पसरलेले ते ओले सूत दवासारखे चमकत होते आणि त्याचे दुसरे टोक धुक्यात विरून गेले होते.

ताण्यापाशी एक बाई उभी होती. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला. चेहरा दिसला नाही.

"रस्ता चुकला का गा भाऊ?" ती म्हणाली. "याच्या कडेकडेनं जा. हात नको लावू, खळ ओली हाये. दुसऱ्या टोकाले कोणीतरी राह्यतेच."

मी तसाच चालत राहिलो. लहानपणी आमच्या गल्लीत असाच ताणा पसरलेला असे आणि आत्याच्या मागे मागे एक इवलीशी पोर सुतावर खळीचा कुंचा फिरवीत असे. ती पोर मला या क्षणीही पुढे चालताना दिसत होती. टोकाशी पोहोचलो, तो कुंचा घेऊन माझी बहीण उभी. आदाशाला निघालो होतो, असे मी पुटपुटलो.

"काहून गा दादा, गणपतीनं पत्ता बदलला का?" ती हसली. "उभा काहून? धर कुंचा. मास्तर झाला म्हणून हात इसरले का?"

खळ वाळेपर्यंत कुंचा थांबवता येत नाही. ती ताण्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. पलीकडच्या टोकाच्या बाईविषयी मी विचारले. तिकडे आज कुणीच नाही, सोबतीण तापाने पडली आहे म्हणूनच आपण एकट्या आहोत, असे ती म्हणाली. मी यावर वाद घालीत नाही. मला वाट दाखवली गेली, एवढेच मी जाणतो.

चालता चालता आत्याची आठवण निघाली. बहीण म्हणाली, "आत्यानं मले पुन्हा पुन्हा नाही इचारलं. 'तू खरी' म्हणाली अन् आपल्या मागाजवळ बसवलं. तेवढ्यावर मी उभी राह्यली." लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने नवऱ्यालाही सगळे सांगितले होते. बंद खोलीत तिला अजून झोप येत नाही. म्हणून त्या दिवसापासून त्याने दार उघडेच ठेवले आहे, पौषातसुद्धा. हे सांगताना तिचा कुंचा चालूच होता.

ज्यांनी तिला सावरले त्यांच्यात मी नव्हतो. देव मात्र तिच्याजवळ होता, आत्याच्या रूपाने आणि त्या उघड्या दाराच्या रूपाने; मी मात्र त्याला स्तोत्रांत शोधत राहिलो. मन हलके करायला निघालेल्या मला त्याने टेकडीऐवजी इथे आणले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. शरण जाणे म्हणजे देवापुढे वाकणे, असे मी समजत होतो. ज्याचा अपराध केला त्याच्यासमोर पळवाट न शोधता उभे राहणे, हे ते आहे.

धुके विरू लागले होते. कुंचा न थांबवता, तिच्याकडे पाहून मी म्हणालो,

"तू मले खरं सांगितलं होतं, बाई. मले तवाच समजलं होतं. माह्या शाळेसाठी मी तुले गप बसवलं. तुही काही चुकी नव्हती, चुकी माही होती. मी तुही माफी मागतो. तू ती द्यावीच असं नाही."